कुंभाराच्या चाकावरची उर्दू

वीरप्पा आडत्याच्या घरी फोनो आहे, हे अख्ख्या अणदूरला ठाऊक होतं. पण त्याच्या तबकड्यांत एक तबकडी अशी होती, की जी त्याने एकदाच लावली आणि कपाळावर हात मारून कपाटावर टाकून दिली. हे ठाऊक होतं फक्त घरच्यांना, म्हणजे त्याच्या लेकीलाही.

"काय गं लक्ष्मम्मा, काय आहे तिच्यात?"

"काय न्हाय बाई. गाणंच न्हाय. एक म्हातारा नुसता बोलत बसतो."

"कशात बोलतो?"

"उर्दूत."

शिवकांताबाई फळा पुसत होत्या. हातातलं फडकं तसंच राहिलं.

अणदूरच्या मुलींच्या शाळेत त्या एकट्याच मास्तरीण. सोलापूरला ट्रेनिंग झालेलं, वय पंचविशीच्या आत, आणि कोणतीही वस्तू हातात आली की ती उलटी करून खालून बघायची खोड. शाळा पहिली ते चौथी. शिकवणं मराठीतून. पण राज्य निजाम सरकारचं, आणि चौथीच्या मुलीला उर्दू वाचता आली पाहिजे, तीही नीट उच्चारासकट, असा दंडक होता. ती तपासायला गुलबर्ग्याहून मोहतमिमा साहेबा यायच्या, म्हणजे मुलींच्या शाळांच्या तपासनीस बाई.

मागच्या साली त्यांनी चौथीतल्या एकेकीला उभं करून वाचायला लावलं होतं. अक्षरं सगळ्यांना येत होती, अर्थही येत होता. पण 'क़लम'मधला घशाच्या तळातून निघणारा क़, 'बाग़'मधला ग़, यातलं एकही मुलींच्या तोंडून निघेना. वर्गातल्या निम्म्या मुली घरी मराठी बोलणाऱ्या, निम्म्या कानडी. साहेबा रागावल्या नाहीत, तेच वाईट झालं. शांतपणे म्हणाल्या, "मुली हुशार आहेत. पण ही उर्दू नव्हे. पुढच्या साली हेच ऐकायला मिळालं तर चौथी बंद करावी लागेल."

चौथी बंद म्हणजे तिसरीनंतर पोरगी घरी. आठ-नऊ वर्षांची. चौथी झालेली मुलगी निदान पुढं कुठं जायचं म्हणू शकत होती. तिसरी झालेलीला कुणी विचारतसुद्धा नव्हतं. शिवकांताबाई स्वतः अशाच एका चौथीतून वर आलेल्या. तेवढं दार त्यांना आपल्या हातानं लावायचं नव्हतं.

आणि शिकवणार कोण? त्यांची स्वतःची उर्दू पुस्तकातून आलेली. डोळ्यांना येत होती, जिभेला येत नव्हती. गावातल्या मुसलमान घरांतली दख्खनी कानाला गोड, पण तिच्यातही 'क़लम'चा 'खलम' होई, आणि तो साहेबांना चालत नव्हता. अस्सल उच्चार ऐकवणारं माणूस अणदूरच्या पंचक्रोशीत नव्हतं. आणि लक्ष्मम्मा म्हणत होती, एक म्हातारा कपाटावर पडला आहे.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई आडतीवर गेल्या.

"वीरप्पाकाका, तुमचा फोनो शाळेला पाहिजे."

वीरप्पांनी तराजू खाली ठेवला. "शाळेला? पोरींना नाचवता का काय बाई?"

"वाचायला शिकवते."

"फोनोवर?"

"ती बडबडीची तबकडी आहे ना, तिच्यावर."

"आगागा! ती?" वीरप्पा हसायला लागले. "हैद्राबादच्या दुकानदारानं भजनाच्या तबकड्यांत गुंडाळून गळ्यात मारली. म्या आंघोळ करून, भस्म लावून, घरच्यांना बसवून लावली, तर काजीचं खरबूज! कुन्या काजीचं खरबूज चोरीला गेलं, त्याचीच रडकथा. लक्ष्मम्माची आई म्हनली, ह्याला भजन म्हनायचं का बाजार?"

"ती द्या. फोनोही द्या."

"देतो की. पर एक सांगून ठिवतो. देव नळदुर्गाला निघाला की फोनो बी निघतो."

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. अणदूरचा खंडोबा वर्षभर अणदूरला नसतो. बराच काळ इथं राहतो, आणि मार्गशीर्षात पालखीत बसून नळदुर्गाला जातो. तिथली पौषातली यात्रा झाली की परत येतो. दोन्ही गावचे मानकरी समोरासमोर बसून त्याच्या जाण्यायेण्याची कबुली करतात, आणि त्यात कोणी एक दिवस इकडचा तिकडं करत नाही. वीरप्पा आणि त्यांचा नळदुर्गातला धाकटा भाऊ बंडप्पा वाटण्या करायला बसले, तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली, आणि गाडी फोनोवर येऊन अडली. फोनो काही कापता येईना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, देव दोन गावांत नांदतो, तिथं फोनोचं काय एवढं? तेव्हापासून देव अणदुरात तर फोनो अणदुरात, देव नळदुर्गात तर फोनो नळदुर्गात. तबकड्या मात्र ज्याच्या त्याच्या.

"चालेल," शिवकांताबाई म्हणाल्या. तपासणी कार्तिकात होती. देव निघायच्या आधी.

फोनो शाळेत आला तेव्हा पहिल्या दिवशी शिकवणं काही झालं नाही. मुली कर्ण्यात तोंड घालून बघत होत्या, म्हातारा कुठं बसला आहे ते. बाईंनी त्यांना हवं तेवढं बघू दिलं. मग चावी दिली, काटा ठेवला, आणि खरखरीतून एक घनगंभीर आवाज वर आला:

"क़ाज़ी साहब के बाग़ से ख़रबूज़ा ग़ायब हो गया..."

एवढ्या एका ओळीत साहेबांना हवं असलेलं जवळजवळ सगळं होतं. बाईंनी काटा उचलला. "आता एकेक शब्द."

त्यांनी शिकवायची एक रीत बसवली. ओळ वाजवायची, काटा उचलायचा, मुलींनी म्हणायची. तळहात तोंडासमोर धरला की 'फ़'ची वाऱ्याची रेघ हाताला लागते. दोन बोटं गळ्यावर ठेवली की 'ग़' आत गुरगुरतो. अयोध्या म्हणून एक पोरगी होती, गोरोबा कुंभाराची लेक, तिनं एकदा विचारलं, "बाई, गुळण्या करताना जिथं पानी अडतं, तितनं बोलायचं का?" बाईंनी तिथल्या तिथं सगळ्या वर्गाला गुळण्या करायला लावल्या. शाळेपुढचं अंगण चिखल झालं आणि 'ग़' सगळ्यांना आला.

मग खेळ सुरू झाला. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी पाठ फिरवून ऐकायचं, आणि सांगायचं की म्हाताऱ्यासारखं आलं का नाही. इथं कोणाची गय नव्हती. बाईंनी म्हटलं तरी पाठमोऱ्या मुली ओरडत, "न्हाय आलं बाई! पुन्यांदा!" आणि बाई मुकाट्यानं पुन्हा म्हणत. बाईंना जमेना आणि पोरींना जमत चाललं, याचं बाईंना वाईट वाटण्याऐवजी कुतूहलच जास्त वाटलं. कोवळी जीभ वळते, जून जीभ अडते, असं त्यांनी मनाशी नोंदवलं आणि पोरींनाच उच्चारांच्या न्यायाधीश करून टाकलं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. महायुद्ध चाललेलं, साल चव्वेचाळीस. फोनोच्या पोलादी सुया सोलापूरच्या बाजारातसुद्धा मिळेनात, म्हणून वीरप्पा बाभळीचा काटा तासून लावत. तसा काटा लावून एकदा बाई तबकडीजवळ वाकल्या, तेव्हा त्यांना कर्ण्यातून नव्हे, तर खाली थेट काट्याजवळून एक बारीक आवाज ऐकू आला. चिलटाएवढा म्हातारा तिथंही काजीचं खरबूज शोधत होता. म्हणजे आवाज कर्ण्यात नाही, पेटीतही नाही. तो त्या काळ्या रेघेच्या नागमोडीत आहे. काटा तिच्यातून जाताना थरथरतो, बाकी सारं त्या थरथरीला मोठं करायचं काम करतं. बाईंना हे पुस्तकातून माहीत होतं, पण कानानं कळलं ते आत्ता.

कार्तिक आला, आणि साहेबांचा निरोप आला. तपासणी पुढं ढकलली आहे. पौषात येऊ.

बाईंनी पंचांग पाहिलं. बघायची गरज नव्हती. पौषात देव नळदुर्गात.

मार्गशीर्षात पालखी निघाली. हळद उधळत, येळकोट येळकोट करत सगळं गाव वेशीपर्यंत गेलं, आणि पालखीच्या मागं वीरप्पांच्या छकड्यात, गोधडीत गुंडाळून, कर्णा वर करून फोनो गेला. मुली बघत राहिल्या. त्यांतली एक देवाला हात जोडून म्हणाली, "देवा, तू जा, पर फोनो ठिव."

दोन दिवसांनी बाई वीरप्पांना घेऊन नळदुर्गाला गेल्या. बंडप्पांनी गूळपाणी दिलं, चहा दिला, फोनो दिला नाही.

"चार दिवसांसाठी द्या हो काका. शाळेचं काम आहे."

"बाई, तुमच्या शब्दाला मान हाय. पर उद्या अनदूरकर म्हनतील, फोनो यात्रेआधी नेला, तर देव बी आदी द्या. मग म्या कुनाकुनाला काय सांगू?"

"देवाचं आणि फोनोचं काय एक आहे का?" वीरप्पा चिडून म्हणाले.

"दादा, वाटनीच्या दिशी तुमीच म्हनलाव की एक हाय म्हनून."

वीरप्पांनी छकड्याला बैल जुंपले. परतताना ते एवढंच म्हणाले, "बोलन्यात मलाबी गप केलं गड्यानं."

शाळेत तबकडी होती, फोनो नव्हता. पहिले काही दिवस मुलींनी आठवणीवर धकवलं. मग वाद सुरू झाले. लक्ष्मम्मा म्हणायची, म्हातारा 'ग़ायब' असा म्हणतो. अयोध्या म्हणायची, न्हाय, असा. दोन्ही हळूहळू आपापल्या घरच्या 'ग'कडं सरकत होत्या. न्याय करायला कोणी नव्हतं. बाईंचा स्वतःचा कान तर सगळ्यात कच्चा. मागच्या सालची ती शांत ओळ त्यांना पुन्हा ऐकू यायला लागली: ही उर्दू नव्हे.

एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी तबकडी हातात घेतली, उलटी केली, आणि सवयीनं तिच्याकडं तिरपं बघत बसल्या. फोनो करतो काय? दोनच कामं. तबकडी एकसारखी फिरवतो आणि काट्याची थरथर मोठी करतो. मग ही दोन कामं दुसऱ्या कोणाकडून करून घेता येणार नाहीत का?

दुसरं काम सोपं निघालं. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचा कर्णा करून टोकाला बाभळीचा काटा खोचला. तबकडी खिळ्यावर ठेवून बोटानं फिरवली, आणि कागदातून म्हातारा घोरल्यासारखा बोलला. मुली उड्या मारायला लागल्या.

पहिलं काम अवघड होतं. लक्ष्मम्मानं आईचं जातं सुचवलं. जात्यावर तबकडी बांधली, पण जातं हाताच्या ओढीनं फिरतं. ओढलं की आवाज चिरका, सोडलं की बसका. "म्हातारा रडतोय," कोणीतरी म्हणालं आणि ते खरंच होतं.

"बाई," अयोध्या म्हणाली, "माज्या बाचं चाक?"

शिवकांताबाईंनी तिच्याकडं बघितलं. जड चाक. एकदा वेग दिला की तोल न सोडता बराच वेळ फिरणारं, कमी झालंच तर हळूहळू कमी होणारं. त्या उठल्याच.

गोरोबा मडक्यांना थापटणं देत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "न्हाय बाई. चाकावर माती चढती. दुसरं काय चढत न्हाय. आमचं चाक म्हंजी आमचा देव."

"गोरोबामामा, मातीच चढवा. मातीवर तबकडी."

"आन ती काय बोलनार?"

"बोलेल."

"चाक बोलाया लागलं तर गाडगी कोन घील माजी? म्हनतील, ह्याच्या घरी भूत हाय."

आतून त्याची बायको कोंडाबाई म्हणाली, "आदी काय कमी बोलतंय का भूत? रोज मलाच बोलतंय. घ्या बाई चाक, म्या सांगते म्हनून."

गोरोबानं चाकाच्या मधोमध मऊ मातीचा गोळा बसवला, हातानं सपाट केला, वर पळसाचं पान अंथरलं आणि तबकडी ठेवली. तिचं मध्याचं भोक चाकाच्या बरोबर मध्यावर आणायला त्याला मडकं घडवण्याइतकाच वेळ लागला, पण आणलं. काठी घातली, चाकाला वेग दिला. बाईंनी काटा टेकवला.

कर्ण्यातून जे आलं ते ऐकून पोरी किंचाळून पळाल्या. उलटं, गिळल्यासारखं, कुठल्याच मुलखाचं नसलेलं काहीतरी. कोंडाबाईनं लेकीला पदराखाली घेतलं. "म्या सांगितलं व्हतं," गोरोबा म्हणाला.

बाईंनी पटकन काटा उचलला. फिरत्या चाकाकडं निरखून बघितलं. मग त्या हसल्या. "मामा, चाक उलटं फिरतंय."

"उलटं? माजा आजा असाच फिरवायचा. बा असाच फिरवायचा. हाच सुलट."

"तुमच्या मडक्याला सुलट, तबकडीला उलट. आजोबा आहे तो. पाठीकडून चालायला लावलं तर धडपडणारच."

"म्या चाक दुसऱ्या अंगानं फिरवनार न्हाय. हात बसत न्हाय माजा."

आता काय सांगावं? फोनोची तबकडी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, पण गोरोबाच्या घरी घड्याळ नव्हतं. बाईंनी अंगणातल्या तुळशीकडं बघितलं. "मामा, खंडोबाला प्रदक्षिणा कोणत्या अंगानं घालता?"

गोरोबानं हातानं हवेत गोल काढला. काढता काढता थांबला. "असं व्हय?"

"तसंच."

"मग आदी सांगायचं की." त्यानं काठी दुसऱ्या बाजूनं घातली. हात अवघडत होता, पहिल्या दोन वेळा चाक डगमगलं. तिसऱ्यांदा बसलं. बाईंनी काटा टेकवला.

"क़ाज़ी साहब के बाग़ से..."

बारीक, पण स्वच्छ. चिखलातून, पानावरून, कागदातून तो परमुलखातला म्हातारा अणदूरच्या कुंभारवाड्यात बोलायला लागला. कोंडाबाईचा पदर सुटला आणि पोरी परत आल्या. गोरोबा हातातली काठी तशीच धरून बघत राहिला.

एक अडचण उरली. चाक जसजसं मंदावे तसतसा म्हातारा जड होत जाई, शेवटी रेड्यासारखा. इथं मुलींचा कान कामाला आला. महिनाभर त्यांनी फोनोवर हाच आवाज ऐकला होता. तो किती उंच बोलतो ते त्यांच्या कानात बसलं होतं. आवाज जरासा उतरला की सगळ्या एका दमात ओरडत, "लाव बा, लाव!" गोरोबा काठीचा एक हलका रेटा देई, म्हातारा पुन्हा आपल्या जागी येई. जास्त रेटला की, "लई झालं! म्हाताऱ्याचा पोरगा झाला!" दोन-तीन दिवसांत गोरोबाचा हात इतका बसला की त्याला ओरडून सांगायची गरज उरली नाही.

पौषापर्यंत रोज सकाळी शाळा कुंभारवाड्यात भरली. गाडगी मागं पडली. गावातली बाई घागर मागायला आली की कोंडाबाई सांगे, "थांबा, चाक उर्दू शिकतंय." पण मुलींचे 'ग़' परत आले, आणि या वेळी आले ते बसूनच आले. बाईंनी तबकडी सोडून नवीन शब्द लिहायला घेतले. म्हाताऱ्यानं कधी न उच्चारलेले. "हा म्हातारा असता तर कसा म्हणाला असता?" असं विचारलं की मुली डोळे मिटत, आणि म्हणत. हे जमलं तेव्हा मात्र बाईंना वाटलं, आता बघू.

साहेबा आल्या त्या सोलापूर-हैद्राबाद सडकेवर मोटारीतून उतरून, शिपायाबरोबर पायी. खुर्चीवर बसल्या. मागच्या सालचं वाचनाचं पुस्तक शिवकांताबाईंनी पुढं केलं, ते त्यांनी हातानं बाजूला सारलं. आपल्या पिशवीतून मुलांचं एक मासिक काढलं. एकाही मुलीनं न पाहिलेलं.

"पढ़ो," त्या अयोध्येला म्हणाल्या.

शिवकांताबाईंनी पुढं केलेलं पुस्तक मागं घेतलं. सुटे नवे शब्द पोरींना जमत होते. पण अख्खी नवी गोष्ट?

अयोध्येनं मासिक धरलं. एकदा ओठ हलवले. आणि वाचायला लागली. एका बाग़बानाची, म्हणजे माळ्याची, गोष्ट होती, त्याच्या विहिरीची. पहिल्याच शब्दाला तिच्या गळ्यातून 'ग़' असा खोल निघाला की साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी तिला मध्येच थांबवून दुसरं पान उघडून दिलं. तिनं तेही वाचलं. मग लक्ष्मम्मा. मग तिच्या मागची. शेवटच्या मुलीपर्यंत. एकही अडली नाही. दोघी-तिघी शब्दांत चुकल्या, पण उच्चारात नाही.

साहेबांनी मासिक मिटून पिशवीत ठेवलं. मग शिवकांताबाईंकडं वळल्या. "आपने सिखाया?"

"जी... कागज पर मैंने..." बाई चाचरत म्हणाल्या.

"न्हाय आलं बाई!" मागून दोन पोरी सवयीनं ओरडल्या. "काग़ज़! पुन्यांदा!"

शिवकांताबाईंचं तोंड लाल झालं. साहेबांच्या समोर, साहेबांच्या भाषेत, विद्यार्थिनींनी बाईंना दुरुस्त केलं होतं. बाईंनी एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा पोरींकडं. आणि वर्गातला नियम तो नियम. "काग़ज़," त्यांनी पुन्हा म्हटलं, जेवढं जमलं तेवढं.

साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. "तो फिर इन्हें किसने सिखाया?"

अयोध्या उभी राहिली. "मेरे बाप के चाक ने, साहिबा."

"चाक? कुम्हार का चाक?"

"जी. चलिए, सुनवाती हूँ."

गुलबर्ग्याहून आलेल्या मोहतमिमा साहेबा कुंभारवाड्यात निघाल्या आहेत, ही बातमी त्यांच्या आधी तिथं पोचली. अंगण बायकांनी भरलं. वीरप्पांची बायको गंगम्माही आली होती. गोरोबानं घाईघाईनं मुंडासं बांधलं, ते वाकडं बसलं. पण तबकडी त्यानं सरळ बसवली.

साहेबा बाजेवर बसल्या होत्या. म्हातारा बोलायला लागला तशा उठून पुढं आल्या. मग वाकल्या. मग कागदी कर्ण्याला कान लावून चिखलाच्या शेजारी उकिडव्या बसल्या. शिपाई चपापून आकाशाकडं बघायला लागला. काजीचं खरबूज सापडेपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

"फोनो कहाँ है?" उठल्यावर त्यांनी विचारलं.

शिवकांताबाईंनी सांगितलं. देव, पालखी, वाटणी, बंडप्पा. मोडक्या उर्दूत, न थांबता. सांगून झाल्यावर आपल्या उच्चाराबद्दल त्यांनी स्वतःहून म्हटलं, "मेरा तलफ़्फ़ुज़ ख़राब है. मुझे मालूम है. इसलिए इनका मैंने इनके कान पर छोड़ा."

साहेबांनी त्यांच्याकडं बघून मान हलवली. मग अंगणाकडं वळून, दरबारात बोलावं तशा स्पष्ट, लांबलचक उर्दूत बोलायला लागल्या.

अंगणात कोणाला काही कळेना. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. गोरोबानं मुंडासं काढून हातात घेतलं. त्याला वाटलं, चाक जप्त करतात का काय.

"काय म्हनत्यात गं?" कोंडाबाईनं लेकीच्या पाठीत बोट खुपसलं. "अयोध्ये, बरं हाय का वाईट?"

अयोध्या ओसरीच्या कट्ट्यावर चढली. "चौथी बंद होत न्हाय!" ती ओरडली. "बंद होत न्हाय! आन म्हनत्यात, पुढल्या साली पाचवी मागा, त्या देनार!"

लक्ष्मम्मा तिच्या शेजारी चढली आणि कानडी बायकांकडं तोंड करून ओरडली, "अव्वा, साली मुच्चूदिल्ल! मुच्चूदिल्ल!" गंगम्मानं शाळा बंद होत नाही हे ऐकलं आणि तिथंच शेजारणीच्या गळ्यात पडली. कोणी येळकोट म्हणालं, कोणी हर हर म्हणालं. पोरी नाचायला लागल्या. शिवकांताबाई चाकाच्या कडेला बसल्या आणि त्यांचं हसू काही केल्या थांबेना.

गलक्यात साहेबांचे ओठ अजून हलत होते. त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. अयोध्येनं ते पाहिलं. तिनं दोन्ही हात वर केले.

"ए, गप बसा!" ती सगळ्या गावाला म्हणाली. "साहेबा बोलत्यात अजून. तुमी नुसतं ऐका. काय म्हनत्यात ते आमी सांगतो."

आणि अंगण गप्प झालं.